फुफ्फुसाचा सातबारा

साशंक : ताई, घाटकोपरचं प्रकरण मला मान्य आहे. तिथे हिंदुस्तान फेरोडोचा कारखाना होता. ॲस्बेस्टॉसचा माल तिथेच तयार व्हायचा, कामगार कायम होते, मस्टर होतं. आजार कुठून आला हे विचारायची गरज नव्हती. उरणचं तसं नाही. मी ज्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली, तिथे ॲस्बेस्टॉस कोणी बनवत नव्हतं. ते यायचं दुसऱ्याच कामासाठी. वाफेच्या पाईपचं लॅगिंग, फ्लँजमधलं गॅस्केट, भट्टीच्या दाराला लावलेली दोरी, वेल्डिंगच्या ठिणग्या झेलायला अंथरलेलं कापड, आणि डोक्यावर सिमेंटचे पत्रे. आता फुंड्याचा किंवा बोकडविऱ्याचा एखादा माणूस साठीत धापा टाकायला लागला, की तुम्ही म्हणता उत्पादक जबाबदार. कुठला उत्पादक? पत्र्याचा, दोरीचा, की परदेशातल्या खाणीचा? त्या माणसाने तरुणपणी मिठागरात काम केलेलं असतं, जन्मभर विडी ओढलेली असते, मध्ये कधीतरी टीबीही झालेला असतो. प्रत्येक खोकल्याला आरोपी शोधणं हे मला पटत नाही.

आग्रही : प्रत्येक खोकल्याला मीही शोधत नाही, काका. पण हा आजार स्वतःच्या खुणा ठेवतो. टीबी बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात धरतो, ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा ॲस्बेस्टॉसिस खालून सुरू होतो. श्वास आत घेताना पाठीत खाली, दोन्ही बाजूंना बारीक चरचर ऐकू येते. एक्स-रेमध्ये फुफ्फुसाच्या आवरणावर जाड चट्टे दिसतात, आणि विडीने ते चट्टे येत नाहीत. फुंकर मारायच्या तपासणीत फुफ्फुस आक्रसलेलं दिसतं. हे ओळखायला मोठी यंत्रणा लागत नाही, एक प्रश्न लागतो : वीस-तीस वर्षांपूर्वी तुम्ही काय काम करत होतात? तो प्रश्न विचारलाच जात नाही. थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी सहा महिने टीबीच्या गोळ्या चालू राहतात. गोळ्या संपतात, धाप तशीच राहते, मग दमा म्हणून पंप मिळतो. आणि विडीचं म्हणाल, तर ॲस्बेस्टॉस आणि तंबाखू एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी चढतो. म्हणजे विडी ओढणाऱ्याला या धुळीपासून जास्तच जपायला हवं होतं. विडीकडे बोट दाखवून धूळ सुटत नाही.

साशंक : ठीक. आजार खरा, खुणा खऱ्या. पण जबाबदारी म्हणजे नुसतं कारण नव्हे, जाणीवही लागते. सत्तर-ऐंशीच्या दशकातले दिवस आठवा. तेल आणि वायूच्या कामात आम्हाला एकच भीती असायची, आगीची. ॲस्बेस्टॉस जळत नाही, कुजत नाही, आम्लाला दाद देत नाही, आणि स्वस्त. ते न वापरणारा इंजिनियर निष्काळजी ठरला असता. आज जे कळलं त्यावरून तेव्हाच्या माणसाला दोषी धरणं सोपं आहे.

आग्रही : तेव्हाच्या इंजिनियरला मी दोष देत नाही. पण विकणाऱ्याला माहीत नव्हतं, हे मी मान्य करणार नाही, कारण ते खोटं आहे. घाटकोपरचा हा कारखाना टर्नर अँड न्यूऑल या ब्रिटिश कंपनीच्या घराण्यातला. त्या कंपनीचं मूळ मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमध्ये. तिथे नेली केरशॉ नावाची बाई ॲस्बेस्टॉसचं सूत कातायची. १९२४ साली ती वारली, वय अवघं ३३. डॉक्टरांनी तिच्या आजाराचा संबंध धुळीशी जोडला होता. कंपनीने तो नाकारला, भरपाई नाकारली, अंत्यविधीच्या खर्चालाही हात लावला नाही, कारण एकदा दिलं तर पायंडा पडेल. डॉ. कुक यांनी तिच्या फुफ्फुसाचा अहवाल त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. १९३० साली मेरेवेदर आणि प्राइस यांनी सरकारसाठी ३६३ कामगार तपासले, त्यांतल्या ९५ जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये कारखान्यातल्या धुळीवर नियम आले. म्हणजे आपल्याकडे बॉम्बे हायचं तेल सापडायच्या चाळीस वर्षं आधी.

आता दुसरा आकडा ऐका. मुंबईच्या ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटरचे डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी त्याच घाटकोपरच्या कारखान्यातले १८१ कायम कामगार तपासले. तोवर मालकी बदलून त्याचं नाव हिंदुस्तान कंपोझिट्स झालं होतं. ४१ जणांना ॲस्बेस्टॉसिस होता. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. इंग्लंडमध्ये १९३० साली चारांत एक, मुंबईत पंचाहत्तर वर्षांनी जवळजवळ चारांत एक. मधल्या काळात ज्ञान कुठे अडलं होतं?

साशंक : दोन आकडे शेजारी ठेवले की डोळ्यांत भरतात, पण ते एका मापाचे नाहीत. तिथे तपासणी सरकारने केली, इथे बोलावल्यावर जे आले त्यांची झाली. ज्यांना त्रास होता तेच जास्त आले असतील.

आग्रही : असतीलही. पण जे खूप आजारी होते ते तोवर गावाला परतले होते किंवा वारले होते, आणि बदली-कंत्राटी कामगार मोजलेच नव्हते. मोजणीतला दोष दोन्ही बाजूंनी आहे. तो तुमच्याच बाजूचा आहे असं धरून चालता येणार नाही.

(दोघांच्या वादात निवाडा द्यायला मी बसलेलो नाही, पण इथे माझं मत नोंदवतो. अज्ञानाचा बचाव उत्पादकाला मिळू नये. ज्या कंपनीला स्वतःच्या देशात १९३१ चे धुळीचे नियम पाळावे लागत होते, ती समुद्र ओलांडून आल्यावर अजाण होत नाही. अज्ञान खरं होतं ते पाईपखाली उभ्या असलेल्या माणसाचं.)

साशंक : बरं, उत्पादकाला माहीत होतं. पण माहीत असलेला उत्पादक आणि उरणचा कामगार यांच्यामध्ये किती हात आहेत ते मोजा. खाण, आयात करणारा, दोरी विणणारा, विकणारा, प्रकल्पाची कंपनी, मुख्य ठेकेदार, उपठेकेदार, मुकादम. शटडाऊन लागला की लॅगिंगवाल्यांची टोळी यायची. मी ते काम जवळून पाहिलंय. वरचा पत्रा उघडायचा, तारेची जाळी कापायची, मग आतला पांढरा थर हातोडीने आणि पत्र्याच्या तुकड्याने खरवडायचा. तो भुरभुरत खाली यायचा, वाऱ्यावर जायचा, घामावर चिकटायचा. तोंडाला फडकं बांधलेलं. खाली दुसरा माणूस ते झाडूने गोळा करून पोत्यात भरायचा. पंधरा-वीस दिवसांत काम उरकायचं, टोळी दुसऱ्या प्रकल्पावर जायची. त्या माणसांचं नाव आमच्या मस्टरला नसायचं, गेटपासावर असायचं. आजार उमटायला वीस ते चाळीस वर्षं लागतात. एवढ्या काळात ठेकेदाराची फर्म बंद होते, मुकादम मरतो, गेटपासाची वही रद्दीत जाते. न्यायालयात तुम्ही काय दाखवणार?

आग्रही : तुम्ही मुद्द्यावर आलात. मला उरणबद्दल सगळ्यात जास्त सलतं ते हेच. जमिनीसाठी कसं लढायचं हे या तालुक्याला शिकवावं लागत नाही. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जणांनी जीव दिला, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क आला. ते शक्य झालं कारण प्रत्येकाच्या हातात सातबारा होता. कोणाची किती गुंठे गेली हे सरकारी कागदावर लिहिलेलं होतं. जमीन गेली, बदल्यात पोरगा प्रकल्पग्रस्त म्हणून कुठेतरी ठेकेदाराकडे लागला. मग त्याचं फुफ्फुस गेलं, आणि फुफ्फुसाचा सातबारा कोणीच काढला नव्हता.

काढायला हवा होता, आणि तसं सांगणाराही निकाल आहे. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात २७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ॲस्बेस्टॉसच्या उद्योगाने प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षं, किंवा काम सुटल्यापासून पंधरा वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपावी. आजार सिद्ध झाला तर एक लाख रुपये भरपाई. चाळीस वर्षं हा आकडा न्यायालयाने उगाच धरला नाही, या आजाराची मुदतच तेवढी आहे.

साशंक : निकाल मी वाचलाय. पण तो ॲस्बेस्टॉसच्या खाणी आणि कारखान्यांपुरता. बाहेर पाईपला दोरी गुंडाळणारा त्यात कुठे बसतो? आणि मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँचने जाणारी आपली माणसं, जी गोदीत जहाज-दुरुस्तीच्या कामाला लागली, ती कुठे बसतात? पलीकडे दारूखान्यात तर जहाजंच फोडतात. आपली विक्रांत २०१४ साली तिथेच फोडली गेली. तिचा सांगाडा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, आणि त्या काळच्या जहाजांत बॉयलरपासून भिंतींपर्यंत ॲस्बेस्टॉस भरलेलं असे. फ्रान्सच्या क्लेमांसो जहाजावरून एवढा गदारोळ झाला की २००६ साली राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी ते अलंगच्या वाटेवरून परत बोलावलं. दारूखान्यात उत्तरेकडून आलेला गॅसकटरवाला कोणाच्या नोंदीत आहे? मी जबाबदारी नाकारत नाही. ती कुठेच टेकत नाही, एवढंच सांगतो.

आग्रही : ती टेकत नाही, कारण पुराव्याचं ओझं आपण चुकीच्या खांद्यावर दिलंय. ज्याच्याकडे कागद नाही त्यालाच कागद मागतो. इंग्लंडमध्ये हाच पेच आला होता. एकाच माणसाने चार मालकांकडे काम केलं, चारही ठिकाणी धूळ खाल्ली, मग मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग झाला. कुठल्या मालकाच्या धुळीतल्या तंतूने घात केला, हे कोणताच डॉक्टर सांगू शकत नाही. २००२ साली फेअरचाइल्ड खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की ज्या ज्या मालकाने धोका लक्षणीय वाढवला तो जबाबदार, नेमका तंतू दाखवायची गरज नाही. २००६ साली त्याच न्यायालयाने ही जबाबदारी हिश्शाहिश्शाने वाटली, तेव्हा पार्लमेंटने काही महिन्यांत कायदा करून मेसोथेलिओमापुरता प्रत्येकाला पूर्ण रकमेला बांधून घेतलं. म्हणजे न्यायाला वाट काढता येते, मनात असेल तर.

साशंक : वाट निघाली कारण तिथे मालकांचा विमा होता. पैसे देणारा होता. पैसे देणाऱ्याचं काय होतं तेही पाहा. अमेरिकेतली जॉन्स-मॅनव्हिल १९८२ साली धंदा चालू असताना दिवाळखोरीच्या आसऱ्याला गेली. तिच्या निधीतून आजाऱ्यांना ठरलेल्या रकमेचा अगदी थोडा हिस्सा मिळतो, कारण दावे जास्त, पैसा कमी. तुमची टर्नर अँड न्यूऑल १९९८ साली फेडरल-मोगलने घेतली, आणि २००१ साली तीही दाव्यांखाली बसली.

आग्रही : बसली, आणि तरी तिच्या निधीतून पुढे घाटकोपरच्या काही कामगारांना भरपाई मिळाली. कशी मिळाली? कोणीतरी एक्स-रे जपले होते, नोकरीचे दाखले जपले होते, डॉक्टरांनी वेळ दिला होता. उरणमध्ये घराघरांत प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर जुने गेटपास सापडतात. कडा झिजलेल्या, फोटोवर अर्धा शिक्का, मागे ठेकेदाराची सही. बाई म्हणते, ह्यांनी सांगितलंय टाकू नको. ती पिशवी म्हणजे माझ्या दाव्याची सुरुवात.

साशंक : आणि पत्र्यांचं काय करता? तुम्ही बंदी मागता. उरणात खाऱ्या वाऱ्याने लोखंडी पत्रा बघता बघता गंजतो, म्हणून करंजापासून केगावपर्यंत लोकांनी सिमेंटचा पत्रा चढवला. गरिबाला परवडणारं, पावसात टिकणारं दुसरं छप्पर नव्हतं. आणि न फुटलेल्या पत्र्याखाली झोपणाऱ्याचा धोका लॅगिंगवाल्याच्या पासंगालाही पुरत नाही. हा फरक तुम्ही पुसून टाकलात तर लोक घाबरतील, स्वतःच पत्रे उपसून काढतील, आणि तेव्हाच खरी धूळ उडेल.

आग्रही : फरक मी पुसत नाही. पण पत्रा जन्मभर न फुटलेला राहत नाही. हुक बसवायला भोक पाडतात, ग्राइंडरने कडा कापतात, आणि ते करणारा माणूस त्या धुरळ्यात असतो. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगडात छपरं उडाली, तुकड्यांचे ढीग पडले. ते तुकडे लोकांनी हातांनी उचलले, अंगणात भरावाला टाकले. कोणी सांगितलं होतं, आधी पाणी मारा, तुकडे करू नका, झाडू नका? विकणाऱ्याने सांगायचं असतं. हे सांगणं त्याच्या जबाबदारीतलं सर्वात स्वस्त काम, तेही त्याने केलं नाही. ब्रिटनने १९९९ साली बंदी घातली, युरोपने २००५ साली, नेपाळने २०१५ साली, ब्राझीलच्या न्यायालयाने २०१७ साली. आपण खाणीचे नवे पट्टे थांबवले, आणि परदेशातून दरवर्षी लाखो टन आणतो. आपल्या मातीतून काढणं धोक्याचं आणि रशियातून आणून कापणं सुरक्षित, हा तर्क मला कोणी समजावून द्यावा. घातक रसायनांच्या व्यापारावरच्या रॉटरडॅम करारात तर बंदीचा प्रश्नच नव्हता, धोक्याची माहिती देऊन घेणाऱ्या देशाची आधी संमती घ्यायची होती. २०११ साली ॲस्बेस्टॉस त्या यादीत घालायला भारताने होकार दिला, सभागृहाने टाळ्या वाजवल्या, आणि २०१३ साली आपण तो होकार मागे घेतला.

साशंक : तिथे माझा तुमच्याशी वाद नाही. माहिती लपवणं हा गुन्हाच. पण मग स्पष्ट सांगा, तुम्हाला हवंय काय? खटले तर वर्षानुवर्षं चालतील.

आग्रही : मला निधी हवाय. महाराष्ट्राने एक गोष्ट देशाच्या आधी केली, १९६९ चा माथाडी कायदा. माथाड्यालाही एक मालक नव्हता. आज या गोदामात, उद्या त्या ट्रकवर. म्हणून मंडळ केलं, काम घेणाऱ्याकडून मजुरीवर लेव्ही घेतली, आणि नोंद मंडळाने ठेवली. मालक बदलला तरी माणूस हरवला नाही. तसंच बंदरात उतरणाऱ्या ॲस्बेस्टॉसच्या प्रत्येक टनामागे आकार घ्या. लॅगिंगवाला, जहाज फोडणारा, पत्रे बसवणारा, प्रत्येकाची मंडळाकडे नोंद, दोन वर्षांनी एक्स-रे. आजार निघाला की निधीतून पैसे, कोणाचा तंतू ते न विचारता.

साशंक : आता मला तुमच्यापेक्षा कडक बोलावं लागतंय. एवढा वेळ मी विचारत होतो की उत्पादकाला कसं पकडायचं, आणि तुम्ही त्याला सोडायची सोय करताय. टनामागे आकार भरला की तो म्हणणार, माझं देणं मी चुकतं केलं. माणूस मारण्याचा दर ठरला, तो किमतीत धरला, पत्रा दहा रुपयांनी महागला, आणि ते दहा रुपयेही गरिबानेच भरले. रॉचडेलमध्ये काय माहीत होतं, घाटकोपरला का सांगितलं नाही, हे कुठल्याही न्यायालयात कधी उलगडणारच नाही. आणि निधीचा आपला अनुभव काय? बांधकाम मजुरांसाठी १९९६ पासून उपकर आहे. कोट्यवधी रुपये वापराविना पडून राहिले, सर्वोच्च न्यायालयाला फटकारावं लागलं. जबाबदारी म्हणजे फक्त पैसे नव्हेत, ताई. कोणीतरी उभं राहून सांगायला हवं की आम्हाला ठाऊक होतं.

आग्रही : फ्रान्सने दोन्ही जमवलंय. २००० सालच्या कायद्याने निधी केला. तो आधी आजाऱ्याला पैसे देतो, मग त्याच्या वतीने कंपनीवर दावा लावतो.

साशंक : दावा लावायला पुन्हा कागदच लागणार. कुठला माल, कोणाचा, कुठल्या साली, कोणत्या पाईपवर. आपण फिरून तिथेच आलो.

आग्रही : आलो, पण आता तरी आपल्याला कळतंय की कागद कोणाकडे असायला हवा. खरेदीची बिलं प्रकल्पाच्या कंपनीकडे असतात, आयातीची नोंद कस्टम्सकडे, ठेकेदारांची यादी तुमच्यासारख्या अधिकाऱ्यांच्या डोक्यात. कामगाराकडे फक्त गेटपास आणि एक्स-रे. त्याने आपलं दाखवलं की बाकीच्यांनी आपलं दाखवलंच पाहिजे, आणि नाही दाखवलं तर त्यांच्याविरुद्ध धरलं जावं, इतकं तरी कायद्याने म्हणावं.

साशंक : ते मला मान्य आहे. नावं आणि सालं मी लिहून देईन, आठवतात तेवढी. पण तुमच्या निधीच्या मसुद्यात एक कलम असेल की ‘आकार भरणाऱ्यावर पुन्हा दावा करता येणार नाही’. उद्योगवाले त्याच्याशिवाय तयारच होणार नाहीत. ते कलम असेल तर मी सही करणार नाही.

आग्रही : आणि ते कलम काढलं तर मसुदा मंत्रालयात पडून राहील, हे तुम्हालाही ठाऊक आहे. माझ्याकडे आज जे येतात त्यांना घरी ऑक्सिजनची मशीन लागते. या आजाराला औषध नाही, आक्रसलेलं फुफ्फुस परत फुलत नाही. कंपनीच्या कबुलीसाठी दहा वर्षं थांबायला त्यांच्याकडे दहा वर्षं नाहीत.

साशंक : आणि आज तिशीत ग्राइंडर चालवणाऱ्याकडे आहेत. त्याच्या वाटेची कबुली तुम्ही आज विकून टाकणार का, याचं उत्तर मला हवंय.

आग्रही : विकायची नाही मला. पण समोर बसलेल्याला ‘थांबा’ म्हणायचा अधिकार मला कोणी दिला, याचं उत्तर तुम्ही द्या.